लिलाँग्वेला नऊ महिन्यांसाठी जातेय, नवजात कक्षात. पहिले दिवस कसे काढायचे?

सदाफुली

नमस्कार मंडळी. इथे आफ्रिकेत राहून आलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मी बारा वर्षं नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. जानेवारीत मलावीला, लिलाँग्वे शहरात जायचं ठरलंय. एका संस्थेमार्फत तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात नऊ महिने काम करायचं, तिथल्या परिचारिकांच्या जोडीने. कामाचा परवाना आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी संस्था बघतेय. घर मात्र मीच शोधायचं आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे, एकटी राहणार आहे, आणि याआधी कधी परदेशात गेलेले नाही.

घर कुठे बघू, मलेरियाची गोळी घ्यायची की नाही, खायचं काय, सोबत काय न्यायचं, हे प्रश्न तर आहेतच. पण रात्री झोप उडते ती दुसऱ्याच विचाराने. इथे माझ्या हाताशी व्हेंटिलेटर असतो, मॉनिटर असतो, डॉक्टर एका हाकेवर असतात. तिथे यातलं फार थोडं असेल. तेव्हा माझा त्यांना उपयोग किती? आणि त्यांना वाटलं की ही कोण आम्हाला शिकवायला आली, तर मी काय करू? जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

पाणकणीस

सदाफुली ताई, मी सहा वर्षं लिलाँग्वेत आहे, लेखापालाच्या नोकरीत. दवाखान्यातलं मला कळत नाही, घरादाराचं सांगतो.

इथे पत्ता म्हणजे 'एरिया' आणि आकडा. वस्त्या जशा वसत गेल्या तसे आकडे पडले, त्यामुळे लागोपाठचे आकडे नकाशावर शेजारी असतीलच असं नाही. राजधानी १९७५ साली झोंबाहून इथे हलवली. शहर अगदी ऐसपैस आखलेलं आहे, मधे मधे चक्क रान आहे, रात्री तरसाचा आवाजही येतो. अंतरं चालण्याजोगी नाहीत, म्हणून घर रुग्णालयापासून किती लांब हे आधी बघा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

बंगल्याच्या आवारात मागे छोटं घर असतं, तसं घ्या. मालक समोर राहतो, फाटकावर राखणदार असतो. एकट्या बाईला ते बरं. बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: पाण्याची टाकी उंचावर आहे का, वीज गेल्यावर काय सोय आहे, आणि भाडं क्वाचात की डॉलरमध्ये. शेवटचं महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचा एका दिवसात इतका उतरवला की डॉलर ४४ टक्क्यांनी महागला. पगार एका चलनात आणि भाडं दुसऱ्यात असलेल्यांची तेव्हा फार ओढाताण झाली.

देशाची बहुतेक वीज एकट्या शिरे नदीवर होते. जानेवारी २०२२ मध्ये अ‍ॅना वादळाने कपिचिरा धरणाची नासधूस केली आणि पुढचं वर्षभर आम्ही अंधारात चाचपडलो. आता बरं आहे, पण वीज जाते हे धरून चाला. गॅसची शेगडी, चार्ज होणारा दिवा, पॉवर बँक. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याचे दोन-तीन अ‍ॅडाप्टर आणा.

मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही. सकाळच्या पाळीला वेळेवर पोचायचं तर ओळखीचा टॅक्सीवाला महिन्याने ठरवा. सायकल किंवा मोटारसायकलवर मागे बसवून नेतात त्याला काबाझा म्हणतात. दिवसा जवळच्या अंतराला ठीक. अंधार पडल्यावर ना काबाझा, ना पायी. पेट्रोलच्या रांगा लागतात, तेव्हा टॅक्सीवाला आला नाही तर त्याच्यावर रागावू नका. पैसे फोनवरून देता येतात, एअरटेल मनी किंवा एमपाम्बा. सिमकार्ड घेतलं की त्याच दिवशी हे फोनवरचं खातंही चालू करून घ्या.

खाण्याची काळजी सोडा. तूर इथे पिकते, तिला नांडोलो म्हणतात. २०२१ मध्ये भारताने मलावीतून दरवर्षी ५०,००० टन तूर घ्यायचा करार केला, तो पाच वर्षांचा. जुन्या शहरात एरिया २ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं आहेत, तिथे डाळी, मसाले, कणीक सगळं मिळतं. गोडा मसाला आणि आपल्या चवीचा हिंग घरून आणा. आणि जून-जुलैसाठी एक चांगला स्वेटर. शहर हजार मीटरच्या वर आहे, रात्री हुडहुडी भरते.

---

मृगसरी

मी डॉक्टर आहे, मलावीतच ब्लँटायर शहरात दोन वर्षं होतो. तब्येतीपुरतं लिहितो.

मलेरियाची गोळी घ्याच. तुम्ही जानेवारीत, म्हणजे भर पावसात उतरणार, आणि तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा आहे. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण ती भरल्या पोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. उन्हानेही त्वचा भाजते. परत आल्यावर चार आठवडे ती चालू ठेवावी लागते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग आहे, पण परतल्यावर सातच दिवस. कुठली घ्यायची हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोळी चालू असली तरी ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. तिथे राहून जुने झालेले लोक गोळीही सोडतात आणि जाळीही. त्यांचं ऐकू नका.

हिपॅटायटिस बी ची लस आणि तिने अँटिबॉडी तयार झाल्यात का याची तपासणी निघण्याआधी. तिथे २०२०-२१ च्या पाहणीत १५ वर्षांवरच्या लोकांत एचआयव्हीचं प्रमाण ८.९ टक्के होतं. सुई टोचली तर प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, खरं तर पहिल्या एक-दोन तासांतच. ते औषध कुठल्या कपाटात आहे आणि त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. एक गोष्ट सांगायलाच हवी: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक बाधित आईला तपासण्यांची वाट न बघता आजन्म औषध द्यायचं, हे धोरण देशभर आधी मलावीने सुरू केलं, २०११ मध्ये. जग नंतर त्या वाटेने गेलं. तुम्ही ज्यांच्यासोबत काम करणार आहात, त्या लोकांनी हे उभं केलंय.

कपड्यांचं. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर पुट्सी नावाची माशी अंडी घालते. कपडा अंगावर चढला की अळी कातडीत शिरते आणि आठवड्याभरात गळवासारखी गाठ येते, मध्ये बारीक भोक. म्हणून अंतर्वस्त्रं, टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळ्याला गरम इस्त्री. शिवणींवर जास्त वेळ.

मलावी सरोवर बघितल्याशिवाय परतू नका. पण त्या पाण्यात बिलहार्झियाचे जंतू असतात. पोहलात तर सहा-आठ आठवड्यांनी प्राझिक्वांटेल घ्या.

पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच. मार्च २०२२ पासून तिथे कॉलऱ्याची जी साथ आली, तिने १,७०० च्या वर माणसं नेली.

---

जुनी सिस्टर

सदाफुली, तुला अगं-तुगं करते, वयाने मोठी आहे. मीही नवजात कक्षातलीच. २०२२-२३ मध्ये लिलाँग्वेत होते, एका सरकारी रुग्णालयात. नाव लिहीत नाही. तुझ्या शेवटच्या प्रश्नावरच लिहिते, कारण तोच प्रश्न घेऊन मीही विमानात बसले होते.

तिथल्या सिस्टरांना काय येत नाही याचा विचार करत जाऊ नकोस. २०१२ च्या जागतिक अहवालात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रमाण सगळ्यात जास्त मलावीत निघालं होतं, शंभरात १८. म्हणजे हजार-बाराशे ग्रॅमची बाळं त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सांभाळलीत, तीही एका पाळीत दोघींनी मिळून चाळीस-चाळीस. बाळाच्या नाकातून हलका दाब देणारं बबल सीपॅप तुला माहीत असेलच. तिथे 'पुमानी' नावाचं साधं, स्वस्त यंत्र आहे. चिचेवा भाषेत पुमानी म्हणजे निवांत श्वास घ्या. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल रुग्णालयात ते वापरून पाहिलं तेव्हा श्वासाचा त्रास असलेली बाळं जगण्याचं प्रमाण ४४ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. ते यंत्र तिथल्या सिस्टर झोपेतही लावतील. मी ते त्यांच्याकडून शिकले.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस.

तिसरा-चौथा दिवस होता. कक्षात एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) होता, त्यावरून नळ्या वाटून चार बाळांना ऑक्सिजन जात होता. तो खिडकीपाशी, दाराच्या तोंडावर ठेवलेला. येता-जाता पाय अडखळायचा, नळ्या लांबवर ओढल्या जायच्या, आणि सगळ्यात आजारी बाळ पलीकडच्या कोपऱ्यात. मला वाटलं, ही काय मांडणी झाली. कोणाला न विचारता मी तो ढकलत कोपऱ्यात नेला, चारही बाळांना तिकडे घेतलं, तिथल्या प्लगला लावला. एक सिस्टर बघत होती. ती काही बोलली नाही. मला तो होकार वाटला.

दुपारी पाऊस आला आणि वीज गेली. थोड्या वेळाने जनरेटर चालू झाला, दिवे आले, कॉन्सन्ट्रेटर मात्र गप्प. मी बटण दाबतेय, वायर हलवतेय. तीच सिस्टर आली, प्लग उपटला, यंत्र ओढत खिडकीपाशी नेलं आणि लावलं. सुरू झालं. तोवर कोपऱ्यातल्या बाळाला मी पिशवीने श्वास देत होते आणि दुसरी सिस्टर बाकीच्या तिघांचा श्वास थांबू नये म्हणून त्यांच्या पायांना टिचक्या मारत उभी होती. चारही बाळं वाचली, म्हणून हे लिहू शकतेय.

कक्षातल्या सगळ्या प्लगांपैकी जनरेटरवर एकच होता, खिडकीपाशी. त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला होता. तो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता, डाग असेल म्हणून सोडून दिला होता.

त्या सिस्टरने मला एक शब्द सुनावला नाही. 'पेपानी' म्हणाली. हा शब्द तिथे सारखा कानावर येईल. तू ठेचकाळलीस, तुझं पेन पडलं, तुझं कोणी गेलं, तरी पेपानी. माफी मागायलाही तोच. मी तिच्याकडे गेले आणि सगळ्यांसमोर पेपानी म्हटलं. त्यानंतर महिनाभर मी कक्षातली एकही वस्तू हलवली नाही. रोज एकच प्रश्न विचारायचे: हे इथे का ठेवलंय? दर वेळी कारण निघायचं. आणि जिथे कारण नसायचं, तिथे त्या स्वतःच म्हणायच्या, खरंच, हे हलवूया. माझ्या हातून जे थोडं बरं काम झालं ते त्या महिन्यानंतरचं.

भाषेचं. सकाळी कक्षात शिरलीस की आधी 'म्वाद्झुका ब्वांजी?', कशा उठलात? उत्तर येईल 'न्दाद्झुका ब्विनो, काया इनु?', बरी उठले, आणि तुम्ही? हे प्रत्येकीशी. फरशी पुसणाऱ्या मावशींशीसुद्धा, त्यांच्याशी तर आधी. बाळ निळं पडलं असेल तेव्हा अर्थातच नाही, पण एरवी अभिवादन न करता थेट कामाचं बोललीस तर ते फार उद्धट वाटतं. आपल्यासारखंच तिथे तू आणि तुम्ही वेगळं आहे. 'उली ब्वांजी' (कशी आहेस?) बरोबरीच्याला किंवा लहानाला, 'मुली ब्वांजी' (कशा आहात?) मोठ्यांना आणि अनोळखी माणसाला. तू सरसकट 'मुली ब्वांजी'च म्हण. बायकांना अमायी, आजी-आजोबांना अगोगो. कोणाच्या दारी गेलीस तर टकटक करायची नाही, बाहेरून 'ओडी!' अशी हाक द्यायची आणि आतून 'ओडिनी' येईपर्यंत थांबायचं. पैसे किंवा वस्तू देताना-घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला. दहा दिवसांत अंगवळणी पडतं.

प्रत्येक बाळामागे आई असते आणि आईमागे एक 'गार्डियन', बहुधा अगोगो. त्या आवारातच राहतात, बाहेर चुलीवर शिजवतात, धुणी धुतात. सुरुवातीला मला कक्षात त्यांची गर्दी वाटायची. एकदा सिझेरियन झालेली आई उठू शकत नव्हती आणि बाळ थंड पडत चाललं होतं. तिची सासू पुढे आली. कमरेचं चितेंजे सोडलं (ते दोन मीटरचं छापील कापड प्रत्येक बाईकडे असतंच), बाळाला छातीवर उभं धरलं, पाय बेडकासारखे दुमडले, गाल एका बाजूला वळवला, कापड काखेखालून दोनदा फिरवून समोर घट्ट गाठ मारली, आणि वरची कड बाळाच्या कानापर्यंत ओढून घेतली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. तासाभराने थर्मामीटर लावला तर ३६.६. कांगारू पद्धत मी इथे प्रशिक्षणात बाहुलीवर शिकले होते. गाठ कुठे मारायची म्हणजे बाळ खाली सरकत नाही, ते मला त्या अगोगोंनी माझ्याच अंगावर बांधून दाखवलं.

जानेवारी ते मार्च घरातला मका संपत आलेला असतो, नवं पीक एप्रिलमध्ये. या दिवसांत आया उपाशीपोटी दूध काढायला बसतात. दूध कमी येतंय म्हणून कोणावर आवाज चढवू नकोस, आधी विचार काल काय खाल्लं.

जेवायला बोलावतील तेव्हा जा. न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उजव्या हाताने गोळा करून कोरड्यासाबरोबर खायची. पालेभाज्या ढीगभर. त्यात शेंगदाण्याचं कूट घालतात, ती भाजी पहिल्या घासाला मला थेट घरी घेऊन गेली. बोनोंग्वे म्हणजे आपल्या माठाचीच बहीण. मासे खात नाही हे आधीच सांग, बारीक सुकट कशातही असू शकते. कोणाला वाईट वाटत नाही.

आणि मालिरो, म्हणजे मयत. सहकाऱ्याच्या घरी कोणी गेलं की सगळे जातात, वर्गणी काढतात. तूही जा. चितेंजे गुंडाळून बायकांमध्ये जमिनीवर बसायचं. बोलता येत नसलं तरी चालतं. मी पहिल्यांदा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कक्षात माझ्याशी चिचेवात बोलायला लागल्या.

एकटेपणाचं खोटं सांगणार नाही. चौथा ते सातवा आठवडा वाईट जातो. घरच्यांची आणि आपली वेळ साडेतीन तासांनी पुढेमागे, पाळी संपवून फोन करावा तर तिकडे निजानीज. मी एक बाळ गेलं की घरी येऊन कोणाशी बोलायचं या प्रश्नाने हैराण व्हायचे. मग त्या लाल ठिपक्याच्या सिस्टरने एका संध्याकाळी मला हाताला धरून बाहेरच्या जॅकरांडाखाली नेलं आणि आम्ही नुसत्या बसलो. त्यानंतर बाळ गेलं की दोघी तिथेच बसायचो, दहा मिनिटं, आणि परत आत. इतकी जवळची मैत्रीण मला त्याआधी मिळाली नव्हती.

---

सदाफुली

जुनी सिस्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. लाल ठिपका आता डोक्यातून जाणार नाही. पाणकणीस दादा, मृगसरी डॉक्टर, तुमचेही मनापासून आभार. घराचे तीन प्रश्न आणि किल्लीचा प्रश्न वहीत उतरवून घेतलेत.

अजून एक. माझ्या आईने आणि मावशीने बाळांसाठी टोप्या विणायला घेतल्यात, शंभरेक होतील. इथले सहकारी पल्स ऑक्सिमीटर आणि एक वापरलेलं फोटोथेरपी यंत्रही (कावीळ झालेल्या बाळाला दिव्याखाली ठेवायचं) देतो म्हणतायत. नेऊ का?

---

जुनी सिस्टर

वापरलेलं यंत्र नको. त्याचे दिवे तिथे मिळणार नाहीत आणि ते अडगळीच्या खोलीत पडेल. तशी खोली तिथे आहे, बाहेरून आलेल्या यंत्रांनी भरलेली. पल्स ऑक्सिमीटर नेताना बाळांच्या पायाला लावायचे प्रोब जास्तीचे ने, आधी तेच तुटतात. पण नेण्याआधी कक्षाच्या इन-चार्ज सिस्टरांना संस्थेमार्फत विचार, त्यांना कुठल्या बनावटीचे लागतात.

टोप्या जरूर ने. लोकर नको, उकळत्या पाण्यात टाकता येईल असा सुती धागा. मोठ्या करू नका, डोक्याचा घेर २६ ते ३२ सेंटिमीटर धरा, निम्म्या तरी २८ च्या आतल्या. लटकते गोंडे नकोत, बटणं नकोत. पोचल्यावर स्वतः वाटू नकोस, सगळ्या इन-चार्ज सिस्टरांच्या हातात दे. कुठल्या बाळाला कधी द्यायची ते त्यांना ठाऊक असतं. आईला आणि मावशीला माझा नमस्कार सांग.